गरिबी मोजायला शिकताना : तरुण संशोधकांचे प्रशिक्षण आणि शेतकऱ्यांचा वाटा

(छत्रपती संभाजीनगर येथे शेतकरी व कृषी पदव्युत्तर विद्यार्थी यांच्या एकत्रित मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या सहाय्यक प्राध्यापकांनी दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



कृषिविद्येचा माणूस भाषणाला उभा राहिला की त्याने वाण, पेरणीचे अंतर आणि खतांच्या मात्रा यांवर बोलावे, अशी अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज मात्र मला निराळा विषय दिला आहे. शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांची गरिबी व त्यांच्यातील विषमता मोजायची कशी, आणि हे काम करणारी नवी मुले-मुली तयार करायची कशी, हा तो विषय. हे अर्थशास्त्रज्ञांचे काम, आमचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. पण हा संबंध थेट आपल्या खिशाशी आहे.

पैसेवारी ५० पैशांच्या आत लागली की वर, यावर गावाच्या पारावर किती चर्चा होते हे मी सांगायला नको. पीक विम्याची भरपाई ठरवताना महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन पाहिले जाते. रेशनचे धान्य, घरकुल, मागास भागाच्या विकासाचा निधी या सगळ्यांच्या मुळाशी कोणीतरी, कधीतरी, कोणाच्या तरी बांधावर किंवा ओट्यावर बसून लिहिलेला आकडा असतो. तो आकडा चुकला की त्यावर उभी राहिलेली योजना चुकते. बियाण्यातच भेसळ असेल तर खत-पाणी वेळेवर देऊनही पीक साधत नाही, तसेच हे आहे. म्हणून आकडा लिहिणारा हात चांगला तयार झाला पाहिजे, आणि त्याची तयारी आपल्या अंगणातच व्हायची आहे. एवढी एकच गोष्ट आज आपल्यापुढे मांडायची आहे.

सुरुवात कृषी महाविद्यालयातून

महाराष्ट्रातील या अभ्यासाचा पाया एका शेतीशास्त्रज्ञाने घातला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि ती सन १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. आज हे गाव पिंपरी-चिंचवड शहराचा भाग आहे. या गावात सन १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, हे त्यांनी जुनी दप्तरे तपासून दाखवले. केवळ स्वतःच्या जमिनीवर घर चालवू शकणारी कुटुंबे फारच थोडी होती. पुढे ना. वि. कानिटकर या सहकाऱ्यासोबत त्यांनी पुणे जिल्ह्यातीलच जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी केली. ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील परिस्थिती पहिल्या गावापेक्षा बिकट निघाली.

त्यानंतर १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी करून घेतली. याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील गरिबीवरचा आपला गाजलेला अभ्यास मांडला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर मिळते, ती रेषा त्यांनी धरली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात ती दरमहा माणशी १५ रुपये येत होती. त्या रेषेखाली सुमारे ४० टक्के ग्रामीण जनता आणि ५० टक्के शहरी जनता होती. गरिबांना सार्वजनिक कामांवर हमखास रोजगार द्यावा, असा उपायही त्यांनी सुचवला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली आणि तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. मराठवाड्यातील अनेक घरांत अजूनही त्या खडी फोडण्याच्या कामांच्या आठवणी निघतात.

हा वारसा सांगण्याचे कारण असे की, ही मंडळी आधी गावात गेली आणि नंतर गणित मांडले. आज संगणक आहे, उपग्रहाची छायाचित्रे आहेत, टॅबलेटवर भरायची प्रश्नावली आहे. साधने वाढली, पण कामाचा क्रम तोच राहिला पाहिजे. आता आपण नव्या संशोधकाला द्यायचे धडे एकेक करून पाहू.

धडा पहिला : घर निवडणे

पीक कापणी प्रयोग आपण सर्वांनी पाहिला आहे. शेतातील कोणता तुकडा कापायचा हे शेतकऱ्याने ठरवायचे नाही आणि कर्मचाऱ्यानेही ठरवायचे नाही. चिठ्ठी किंवा तक्त्यातील आकड्याप्रमाणे जागा येते. स्वतः निवडायला गेले की कोणी चांगला तुकडा निवडतो, कोणी मुद्दाम वाईट. या प्रयोगाला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांमध्ये सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव अग्रभागी आहे. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडे आत धरली जाऊन उत्पादन फुगते, हे त्यांनी दाखवून दिले. हेच सुखात्मे पुढे आहार आणि गरिबीच्या अभ्यासाकडे वळले. प्रत्येक माणसाची अन्नाची गरज वेगळी असते, तेव्हा सर्वांना एकच सरासरी रेषा लावणे योग्य नाही, यावर त्यांचा दांडेकरांशी झालेला वाद अभ्यासकांनी आजही वाचण्यासारखा आहे.

शेताला लागू असलेला नियम गावालाही लागू आहे. पाहणीला आलेला तरुण मोटारसायकल लावतो ती ग्रामपंचायतीसमोर. पहिला चहा सरपंचांकडे. मग सरपंच सांगतील त्या दहा घरी तो जातो. ही घरे रस्त्याकडेची, बोलकी आणि बहुधा बरी परिस्थिती असलेली. गावाच्या टोकाची वस्ती, शेतवस्ती, नाल्यापलीकडचा तांडा राहून जातो. रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने १९८३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात खेड्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या अशा खोडी मांडल्या आहेत. पाहुणा डांबरी रस्ता सोडत नाही, पुढाऱ्यांशीच बोलतो, पुरुषांशीच बोलतो आणि सोयीच्या हंगामातच येतो.

आपल्या भागात यातली हंगामाची खोड फार महागात पडते. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना आणि आपल्या जिल्ह्यातूनही ऊसतोडणीला टोळ्या निघतात. पाहणीचे विद्यार्थी परीक्षा आटोपून थंडीत गावात येतात, तेव्हा नेमक्या या घरांना कुलूप असते. "घर बंद आहे, शेजारचे घ्या," असे केले तर शेजारी कोण सापडतो? ज्याला गाव सोडावे लागले नाही तो. अशा रीतीने गावातील सर्वांत गरजू कुटुंबे कागदावरून गळतात आणि गाव आहे त्यापेक्षा सुखी दिसते. दुसऱ्या टोकाला, गावात मोठी जमीन असून शहरात राहणारा मालकही सापडत नाही. म्हणजे खालचा आणि वरचा असे दोन्ही शेंडे खुडले जातात आणि विषमताही कमी दिसते.

म्हणून विद्यार्थ्यांना आमची पहिली सूचना अशी असते : गावात गेल्यावर आधी सर्व घरांची यादी करा, कुलूप लागलेल्या घरांसह. वस्त्या आणि तांडे पायी फिरून नोंदवा. मग चिठ्ठीने घरे निवडा. निवडलेले घर बंद असेल तर ते बंद का आहे हे लिहा आणि पाडव्यानंतर माणसे परत आली की पुन्हा जा.

धडा दुसरा : प्रश्न विचारणे

"तुमचे वार्षिक उत्पन्न किती?" हा प्रश्न सोपा दिसतो, पण कोरडवाहू शेतकऱ्यासाठी याच्याइतका निरुपयोगी प्रश्न नाही. त्याचे उत्पन्न महिन्याच्या पगारासारखे येत नाही. कपाशी चार वेचण्यांत निघते, तूर नंतर येते, बाजरी घरी खाण्यासाठी ठेवतात, कडबा जनावरांना जातो, शेळी अडचणीला विकली जाते आणि अधूनमधून मजुरी असते. म्हणून एकेक पीक घेऊन विचारावे लागते. किती पेरले, किती निघाले, किती विकले, घरी किती ठेवले? माप पायलीत सांगितले तर पायलीतच लिहायचे, गुंठ्यात सांगितले तर गुंठ्यात. हिशेब घरी येऊन मांडायचा, शेतकऱ्याला तिथे बसून गुणाकार करायला लावायचे नाहीत.

असे बारकाईने विचारल्यावर चित्र किती बदलते, याचे उदाहरण देतो. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात पिकापासूनचे ३,७९८ रुपये आणि मजुरी-पगाराचे ४,०६३ रुपये. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येत होता. नुसते "धंदा कोणता?" विचारले असते तर "शेती" एवढेच उत्तर मिळाले असते.

प्रश्नात किती दिवसांचा हिशेब मागितला, यानेही आकडा हलतो. तुम्ही गेल्या सात दिवसांत घरात किती तेल, डाळ, भाजी लागली ते बरेच बरोबर सांगाल. महिन्याचे विचारले तर काही गोष्टी विसरतील. अन्नासाठी सात दिवसांचा हिशेब विचारला की खर्च जास्त निघतो, असा अनुभव आहे. १९९९-२००० च्या राष्ट्रीय पाहणीत एकाच घराला सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन्ही हिशेब विचारले गेले. त्या पाहणीवरून देशातील गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून सुमारे २६ टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले. त्यावर तज्ज्ञांमध्ये मोठा वाद झाला. यातली खरी घट किती आणि प्रश्न बदलल्यामुळे दिसलेली किती, हा वादाचा मुद्दा होता. एका रकान्याच्या फरकाने कोट्यवधी माणसे कागदावर रेषेच्या वर जातात किंवा खाली राहतात, हे नव्या संशोधकाने कायम ध्यानात ठेवले पाहिजे. २०२२-२३ च्या पाहणीत एकाच भेटीत सर्व विचारण्याऐवजी प्रत्येक घरी तीन वेगवेगळ्या भेटी दिल्या गेल्या. लांबलचक प्रश्नावलीने माणूस कंटाळतो आणि उत्तरे आटोपती घेतो, हे त्यामागचे एक कारण आहे. पद्धत बदलल्यामुळे हे आकडेही जुन्या पाहणीशेजारी ठेवताना जपून ठेवावे लागतात.

धडा तिसरा : सरासरीच्या मागे पाहणे

समजा, एका गावात दहा शेतकरी आहेत. एकाकडे ५५ एकर आणि उरलेल्या नऊ जणांकडे प्रत्येकी ५ एकर. एकूण १०० एकर, सरासरी १० एकर. पण १० एकर जमीन असलेला शेतकरी त्या गावात एकही नाही. सरासरीने गावातील सर्वांबद्दल चुकीची माहिती दिली.

म्हणून विषमता वेगळी मोजावी लागते. त्यासाठी गिनी गुणांक नावाचे माप वापरतात. सर्वांकडे सारखी जमीन असेल तर तो शून्य येतो आणि सर्व जमीन एकाच्याच हाती असेल तर एकाच्या जवळ जातो. आपल्या उदाहरणात नऊ जण म्हणजे शेतकऱ्यांपैकी ९० टक्के, पण त्यांच्याकडे जमीन ४५ टक्के. ९० मधून ४५ वजा केले की ४५ उरतात, म्हणून गुणांक ०.४५. आता याच गावातील पाच भूमिहीन कुटुंबे हिशेबात धरा. जमीन तीच, मालक तेच, पण गुणांक ०.६३ होतो. सातबारा समोर ठेवून अभ्यास करणाऱ्याला ही पाच घरे दिसतच नाहीत. शिवाय पाच एकर बागायत आणि पाच एकर माळरान यांना एकच माप लावणे किती चूक आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

जिल्ह्याच्या बाबतीतही असेच घडते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखानदारी आणि सोयगाव किंवा वैजापूरकडचे कोरडवाहू खेडे यांची सरासरी काढली तर जिल्हा बरा दिसतो. सन १९८३ मध्ये दांडेकर यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडून अनुशेष काढला आणि १९८४ मध्ये अहवाल दिला. मराठवाड्याच्या मागासलेपणाला त्यामुळे हिशेबाचा आधार मिळाला. पुढे डॉ. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल देताना तालुक्याकडे लक्ष वेधले, कारण जिल्ह्याच्या सरासरीत तालुका हरवतो. तालुक्याच्या सरासरीत गाव हरवते, गावाच्या सरासरीत वस्ती हरवते.

आणि घराच्या सरासरीत बाई हरवते. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल दिली जाते ती कोयत्याला, आणि बहुधा ती पुरुषाच्या हाती पडते. प्रश्नावलीत एक कमावणारा लिहिला जातो. दोन माणसांचे कष्ट, पण कागदावर नाव एकाचे. घरी असलेल्या बाईबद्दल विचारले तर "ती काही करत नाही, घरीच असते," असे उत्तर येते. त्या वेळी ती खुरपणीहून येऊन पाण्याला गेलेली असते. यासाठी आम्ही विद्यार्थ्यांना पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या वेळेची नोंद करायला शिकवतो, आणि बाईची माहिती बाईलाच विचारा, शक्यतो मुलींच्या गटाने विचारा, असे सांगतो.

धडा चौथा : पुन्हा पुन्हा जाणे

एका वर्षाच्या माती परीक्षणावरून जमिनीचा कायमचा स्वभाव ठरत नाही. घराचेही तसेच आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेने १९७५ मध्ये कोरडवाहू भागातील सहा गावांचा अभ्यास हाती घेतला. त्यांतील चार गावे आपल्या महाराष्ट्रातील होती : सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कलमण आणि अकोला भागातील कान्झरा व किनखेडा. प्रत्येक गावातून ४० कुटुंबे घेतली. त्यांत १० भूमिहीन मजुरांची आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी १०. माहिती घेणारे तरुण पदवीधर गावातच राहत आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जात. हा अभ्यास १९८५ पर्यंत सलग चालला आणि २००१ नंतर पुन्हा सुरू झाला. जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी ही आकडेवारी वापरली. आपल्या शिरापूर-कलमणच्या शेतकऱ्यांनी दिलेल्या उत्तरांवर परदेशी विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले.

त्यातून दिसले ते असे की, कोरडवाहू गावात एकाच घराचे उत्पन्न वर्षागणिक फार वरखाली होते. यंदा गरीब दिसणारे घर पुढच्या वर्षी सावरते आणि सावरलेले घर घसरते. अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात, आंध्र अशा भागांत गावकऱ्यांनाच एकत्र बसवून विचारले की, हातात थोडा पैसा आला की गरीब घर आधी काय करते, त्यानंतर काय करते, आणि कोणत्या पायरीवर ते गरीब राहत नाही? मग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोण वर चढले, कोण घसरले आणि का, याची नोंद केली. घसरण्याच्या कारणांत आजारपण आणि दवाखान्याचा खर्च ठळकपणे पुढे आला. त्याबरोबर लग्न-तेराव्याचा खर्च आणि चढ्या व्याजाचे कर्जही होते. ही पद्धत आपल्या गावात सहज वापरता येते. पाऊस आणि बाजारभाव यांच्या जोडीला दवाखान्याचा कागद पाहिल्याशिवाय शेतकऱ्याची गरिबी कळत नाही, असा तिचा धडा आहे.

आता नीती आयोगही गरिबी केवळ पैशांत मोजत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात पोषण, शाळा, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, घर, बँक खाते असे १२ निर्देशक धरले आहेत. हे पाऊल चांगले आहे. मात्र त्या यादीत सावकाराचे कर्ज नाही आणि आटलेली विहीरही नाही. संशोधकाने यादीबाहेरही पाहिले पाहिजे.

धडा पाचवा : तुलना करणे

एखाद्या योजनेने गरिबी कमी झाली का, हे कसे ठरवायचे? येथे पुन्हा आपली शेतीच मदतीला येते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात शेतातील प्रयोगांची शास्त्रीय मांडणी बसवली. कोणत्या वाफ्याला खत द्यायचे आणि कोणत्या वाफ्याला नाही, हे चिठ्ठीने ठरवायचे आणि मग तुलना करायची. तसे केले नाही तर चांगल्या जमिनीचे श्रेय खताला जाते. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते हीच रीत गरिबीच्या प्रश्नांना लावल्याबद्दल. आपल्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर रोज वापरली जाणारी पद्धत अशी जगभर पोचली आहे.

मात्र एक फरक विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावा लागतो. वाफ्याला विचारावे लागत नाही, माणसाला विचारावे लागते. दुष्काळात कोणाला चारा द्यायचा आणि कोणाला नाही, हे चिठ्ठीने ठरवून पाहण्याची गंमत करता येत नाही. जिथे तसा प्रयोग योग्य नाही, तिथे योजना आधी पोचलेली आणि उशिरा पोचलेली गावे यांची तुलना करून निष्कर्ष काढायचा.

शेतकऱ्यांनी काय करावे

बंधू-भगिनींनो, आमचे कृषिदूत आणि कृषिकन्या ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी आपल्या गावात येतात, पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधाच्या पाहणीसाठी येतात. त्यांचे खरे शिक्षक आपणच आहात. त्यासाठी काही सूचना करतो.

१) पाहणीला आलेल्या व्यक्तीला प्रथम विचारा : कोणाकडून आलात, माहिती कशासाठी, तिचा वापर कोठे होणार? हे विचारणे आपला हक्क आहे. उत्तर नीट मिळाले नाही तर माहिती देण्याचे बंधन नाही. आधार क्रमांक, बँकेचा क्रमांक किंवा मोबाइलवर आलेला संदेश क्रमांक अशा पाहणीत कोणालाही देऊ नका.

२) संशोधनाची पाहणी म्हणजे लाभार्थ्यांची यादी नव्हे. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात १३ प्रश्नांना मिळून ५२ गुण होते आणि त्या गुणांवर कुटुंब यादीत येणार की नाही हे ठरत होते. तेव्हापासून "जास्त सांगितले तर रेशन जाईल" ही भीती मनात बसली आहे. संशोधनाच्या प्रश्नावलीने कोणाचे रेशन जात नाही आणि कोणाला घरकुलही मिळत नाही. म्हणून उत्पन्न लपवू नका, कर्जही लपवू नका. सर्वांनी कर्ज कमी सांगितले, तर या भागाला कर्जाची अडचण नाही असाच निष्कर्ष निघेल.

३) शक्य असेल तर एक वही ठेवा. पेरणीचा खर्च, मजुरी, विक्री, दवाखाना, एवढे चार रकाने पुरे. पाहणीला तर ती उपयोगी पडेलच, पण कर्जमागणीच्या वेळी आणि कोणते पीक परवडले हे पाहताना आपल्यालाही उपयोगी पडेल.

४) घरातील बाईला स्वतः उत्तर देऊ द्या. तिच्या वतीने आपण बोलू नका.

५) विद्यार्थ्याला फक्त आपल्या आळीत ठेवू नका. वस्तीवर, तांड्यावर, गावकुसाबाहेर घेऊन जा. ऊसतोडणीला कोण गेले आहे आणि ते कधी परत येतील, हे आपल्याइतके कोणाला माहीत नाही.

६) पाहणी झाली की निष्कर्ष ग्रामसभेत सांगायला बोलवा. आपले आकडे आपल्याला परत मिळाले पाहिजेत. कोणाचे नाव न घेता गावाचे चित्र फळ्यावर मांडता येते. त्यात चूक दिसली तर तिथेच सांगा. अशी दुरुस्ती झालेला प्रबंध अधिक पक्का होतो.

विद्यार्थी मित्रांना

आपल्यालाही थोडे सांगायचे आहे. संगणकावरील गणित शिका, टॅबलेटवरील नोंदी शिका, उपग्रहाच्या चित्रांवरून पीक ओळखायला शिका. हे आलेच पाहिजे. पण शंभर घरांची वाईट माहिती चांगल्या संगणकात घातली तरी निष्कर्ष वाईटच निघेल. शेतकऱ्याच्या कामाच्या वेळी जाऊ नका. वेचणी चालू असेल तर ओळीत उभे राहून वेचू लागा आणि वेचता वेचता बोला. तिच्या एका दिवसाच्या मजुरीइतका वेळ आपण घेतो, याचे भान ठेवा. विश्वासाने सांगितलेले कर्ज, आजार, घरातील भांडण यांची वाच्यता गावात होता कामा नये. नाव वेगळ्या कागदावर, माहिती वेगळ्या कागदावर, असा नियम पाळा. आणि ज्या घराचे उत्तर तुमच्या अंदाजाशी जुळत नाही, ते घर सोडू नका. तिथे पुन्हा जा. बहुधा नवी गोष्ट तिथेच सापडते.

डॉ. मान पिंपळे सौदागरला गेले त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. तेव्हा सात एकरांवर आलेली सरासरी धारणा पाहून ते चिंतेत पडले होते. आज आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वाट्याला दोन-तीन एकरही येत नाहीत. अशा घरांसाठी धोरण आखायचे तर त्यांची परिस्थिती अचूक माहीत हवी. पुढच्या हंगामात आमची मुले-मुली आपल्या गावी येतील. त्यांना बसायला घोंगडी टाका, खरे सांगा आणि त्यांनी चुकीचे लिहिले तर तिथल्या तिथे खोडायला लावा.



जय जवान, जय किसान!